अंड्यांच्या खोलीतले सर

ते आधी नख बघायचे. नाव, गाव, काम हे सगळं नंतर. समोर कॉलेजचे अधिष्ठाता असोत नाहीतर झाडूवाला, त्याचा अंगठा हातात घ्यायचे, नखावर दाब द्यायचे, नख पांढरं पडलं की सोडायचे आणि ते पुन्हा गुलाबी होईपर्यंत डोळे बारीक करून बघत राहायचे. मग म्हणायचे, "आलं." बाईमाणूस असेल तर हात लावत नसत, तिलाच स्वतःचं नख दाबायला सांगत आणि आलं का ते विचारत. उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. एकदा बाहेरगावाहून परीक्षक म्हणून आलेल्या एका मोठ्या प्राध्यापकांनी वैतागून विचारलं की यातून तुम्हाला कळतं तरी काय. सर म्हणाले, "एवढंच, की रक्त गेलं होतं आणि परत आलं."

मी त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे ते कौतुक करायला नाही. कौतुक करावं की करू नये हेच मला आठ वर्षांत ठरवता आलेलं नाही, आणि न ठरवता येणं माझ्या सवयीचं नाही. आमच्या घरात भिंतीवर देव नव्हते, कोनाड्यात पत्रकांची चळत होती. वडील गिरणीत होते. माझी अक्षरओळख 'जाहीर निषेध' या दोन शब्दांपासून झाली. कणकेची खळ कशी शिजवायची हे मला पोळी लाटण्याच्या आधी येत होतं. पत्रकात दोनच बाजू असतात, आपली आणि त्यांची. तिसरी बाजू म्हणजे कागदाची मागची, आणि कागद महाग झाला की आम्ही तिच्यावरही छापायचो.

नागपुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले तेव्हा आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं. पावणेदोन वर्षं गिळून ठेवलेलं सगळं आम्ही एकदम लिहीत होतो. मी रक्त तपासणीच्या विभागात होते, आणि सुट्टीत कर्मचारी संघटनेची पत्रकं लिहायची. पत्रकाखाली नाव नसायचं, पण भाषा कुणाची हे सगळ्यांना कळायचं.

सर शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. व्हरांड्याच्या टोकाला त्यांची एक खोली होती आणि त्या खोलीत कायम अंडी असायची. अकरा वाजले की ते वर्गातून, वाक्य अर्धं टाकून, निघून जायचे. प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढलेला असायचा. फुलीची सगळी अंडी गोलावर फिरवून परत यायचे आणि उरलेलं अर्धं वाक्य पूर्ण करायचे. अंड्यांत ते रक्तवाहिन्या वाढवतात एवढंच बाहेर माहीत होतं, आणि मुलं त्यांना अंडेवाले सर म्हणत. बढती त्यांना कधी मिळाली नाही, आणि ती मिळत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, तेही मला सांगता येणार नाही.

त्या उन्हाळ्यात वॉर्डांतून तक्रारी येऊ लागल्या. दवाखान्यातल्या रुग्णाला सकाळी एक उकडलेलं अंडं मिळायचं. ते बऱ्याच खाटांपर्यंत पोचत नव्हतं. संघटनेचे सेक्रेटरी, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, त्यांनी मला बोलावलं. मी शोध घेतला. म्हणजे सरांच्या खोलीमागे गेले आणि टरफलांचा ढीग पाहिला. खोलीत जाण्याची गरज मला वाटली नाही. वॉर्डात अंडी नाहीत आणि इथे टरफलं आहेत, एवढा पुरावा मला पुष्कळ होता.

पत्रक जोरदार झालं. 'गरिबाच्या अंगात रक्त नाही आणि इथे अंड्यांत रक्तवाहिन्या पिकवल्या जातात' हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं. सायक्लोस्टाइल करून आम्ही ते फाटकापासून शवागारापर्यंत चिकटवलं. दोन दिवसांत चौकशी समिती बसली. सरांना लेखी खुलासा मागितला. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा आला नाही तर खोली ताब्यात घेऊन अंडी उबवायचं कपाट जप्त होणार होतं.

सरांनी खुलासा दिला नाही. त्यांनी भिंतीवरचं एक पत्रक ओलं करून सोडवलं, लाल पेन्सिलीने तपासलं आणि संघटनेच्या फलकावर टाचून ठेवलं. चोरीच्या आरोपाला त्यांनी हातही लावला नव्हता. 'पिकवल्या जातात' खोडून समासात लिहिलं होतं: 'पिकवत नाही. त्या आपण होऊन येतात. कोण बोलावतं ते अजून कळलेलं नाही.' आणि तळाशी: 'स्टेन्सिल इतकी दाबून कापू नये. अक्षरं फाटतात.'

प्रशासनाने मला धडा शिकवायचा म्हणून माझी बदली सरांच्याच खोलीत केली. भाऊ खूश झाले, आतून पुरावा मिळेल म्हणाले. म्हणजे मी तिथे हेर म्हणून गेले. दारात सरांनी मला थांबवलं.

"दाब. सोड. आलं?"

"आलं."

"मंग ये आत."

पत्रकाचा विषय त्यांनी काढला नाही. आत उपकरणांचं जुनं लाकडी कपाट होतं, त्यात बल्ब लावलेले, एक थर्मामीटर टांगलेला. पण बल्ब बंद होते आणि कपाटावर ओली पोती होती. बाहेर पंचेचाळीस आणि अंड्यांना हवं सदतीस. नागपूरच्या मे महिन्यात अंडी उबवायची म्हणजे त्यांना गार ठेवायचं. दर तासाला पोत्यांवर पाणी मारायचं हे माझं पहिलं काम.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक अंडं दाखवलं. टरफलाला नखाएवढी खिडकी कापून तिच्यावर चिकटपट्टी लावली होती. आत पातळ पडद्यावर, ऑपरेशनमधून काढलेल्या कर्करोगाच्या गाठीचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा ठेवलेला होता. चार दिवसांत त्याच्याकडे चहूबाजूंनी लाल केसासारख्या रेषा निघाल्या होत्या, बैलगाडीच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या, सगळ्या त्या तुकड्याकडेच तोंड करून. सरांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी असते तोवर तिचं भागतं. त्यापुढे वाढायला तिला रक्त लागतं. मग ती काहीतरी सोडते, आणि त्या हाकेने शेजारच्या रक्तवाहिन्यांना फांद्या फुटून तिच्याकडे येतात. परदेशात एका सर्जनने हे मांडलं होतं. तो पदार्थ वेगळा काढण्याचं साधन सरांकडे नव्हतं आणि आपल्याला तो सापडेल असं ते म्हणतही नसत. ते तुकडे ठेवायचे, वाट बघायचे आणि एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळ्या अशा पेन्सिलीने दोनशे पानी वह्यांत त्या रेषा काढायचे. वह्यांनी एक मांडणी भरली होती.

"म्हणजे तो पदार्थ शत्रू," मी म्हटलं.

त्यांनी दुसरं अंडं काढलं. तसंच चाक. या वेळी मध्यभागी वारेचा तुकडा होता, प्रसूतीनंतर पडते त्या वारेचा.

"पोटातलं लेकरूही बोलावते," ते म्हणाले. "जखम भरताना जखमही बोलावते. आलं नाही तर हात सडून जाईन."

"मग तो चांगला की वाईट?"

"त्याले काय इचारतेस? बोलावणाऱ्याले इचार."

मी चिडले. मला उत्तर हवं होतं आणि हे उत्तर नव्हतं. आजही नाही वाटत.

तिसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं की ही अंडी दवाखान्याचीच ना. त्यांनी मला स्वयंपाकघरातून सहा कच्ची अंडी आणायला लावली. त्यांच्यावर 'द' लिहायला सांगितला. आपली सहा ताजी अंडी दिली, त्यांच्यावर 'क'. बाराही कपाटात ठेवली. चार दिवसांनी विचार, म्हणाले.

चार दिवसांनी आम्ही खिडक्या लावून घेतल्या. डालडाच्या डब्याला भोक पाडून आत बल्ब सोडलेला होता. भोकावर अंडं धरलं की आतलं दिसायचं. 'क'मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा आणि मध्ये एक ठिपका, टिचटिच उडणारा. 'द' कोरं. नुसता पिवळा उजेड. दुसरं 'द' कोरं. सहाही कोरी.

"दवाखान्याचं अंडं पोल्ट्री फार्मचं. तिथं कोंबडा ठेवत नाई वं," सर म्हणाले. "अंडं होते, पण त्याच्यातून पुढं काई होत नाई. मले काय कामाचं ते?"

एवढं मोठं पत्रक लिहिलं, तीन जणांनी वाचून पसंत केलं, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कोंबडा आला नव्हता.

"मग हे लिहून द्या ना त्यांना."

"देईन," ते म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला बसले. आठ दिवस उरले होते. ते रोज पेन्सिलीला टोक करत.

'क' म्हणजे काय ते सांगत नव्हते. ते मला गिरजाबाईंमुळे कळलं. त्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात होत्या, कामठीहून बसने यायच्या. आमच्या प्रत्येक मोर्चात पहिल्या रांगेत, आवाज असा की लाउडस्पीकर लागू नये. एका सकाळी त्या खोलीत आल्या, टोपलीतलं कुटार, म्हणजे भुसा, बाजूला केलं आणि खालून घरच्या कोंबड्यांची अंडी काढून सरांच्या हातात दिली. मला पाहून दचकल्या नाहीत.

"झाडती घेऊन राहिली का माही? घे. आन् लिही मंग पत्रकात."

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. वॉर्डातली अंडी जातात कुठे, विचारलं. त्यांनी मला जे सांगितलं ते दवाखान्यातल्या प्रत्येक आयाबाईला माहीत होतं, फक्त पत्रकं लिहिणाऱ्यांना माहीत नव्हतं. उकडताना तडकलेलं, पांढरं बाहेर आलेलं अंडं वॉर्डात जात नाही. ते स्वयंपाकघरातल्या बायांचं. फुटकं बाईचं. हा रिवाज त्यांच्या सासूच्या वेळेपासून होता, सासूही तिथेच कामाला होती.

"पण इतकी फुटतात?"

"गार पाण्यात टाकून चढवलं तर नाई फुटत," त्या म्हणाल्या. "उकळत्या पाण्यात सोडलं तर फुटते."

"मग तुम्ही कशात सोडता?"

"घाई असते वं सकाळी," गिरजाबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आता मला सरांचं गप्प राहणं कळल्यासारखं झालं. अंडी कुठून येतात हे त्यांनी लिहिलं की बाईंचं नाव आलं. स्वयंपाकघरातली बाई अंडी आणून देते, एवढं समितीला पुरेसं होतं. कोंबड्याचं ऐकायला कोण थांबणार? म्हणजे सर बाईंना वाचवत होते. मला भरून आलं. आणि त्याच दुपारी, पोत्यांवर पाणी मारताना, दुसरा विचार आला. बाई गेल्या तर जिवंत अंडी बंद. म्हणजे सर अंडी वाचवत होते? मी विचारलंच.

"तुम्ही गिरजाबाईंसाठी गप्प आहात का?"

ते वहीत रेषा काढत होते. म्हणाले, "निळं टोक कर."

मी करून दिलं. "की अंड्यांसाठी?"

"लई मोठं केलं. मोडन."

मी भाऊंकडे गेले. पत्रक चुकलं, मागे घेऊ म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. ते म्हणाले की निघालेलं पत्रक मागे घेतलं तर पुढचं कोण वाचणार, आणि फुटकं बाईचं हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? "तू लिहिलं असतंस," भाऊ म्हणाले.

मला त्यांचा राग आला, अजूनही आहे. खरं असेल ते बोलायचं, मग ते कुणालाही लागो, हे मी ज्या माणसांकडून शिकले त्यांत भाऊ होते. चौकशीच्या दिवशी मी कुणालाही न विचारता नव्याने चार दिवस उबवलेली बारा अंडी आणि डालडाचा डबा घेऊन समितीसमोर गेले.

समितीत तिघे होते. सर हात मागे बांधून उभे. अध्यक्षांनी विचारलं, अंडी कुठून मिळतात?

"कोंबडीपासून," सर म्हणाले. त्यांना उद्धटपणा करायचा नव्हता. त्यांना खरंच तो प्रश्न तसा वाटला असावा. किंवा नसावा.

मी पुढे झाले. पत्रक मी लिहिलं, ते खोटं आहे आणि हा पुरावा, म्हटलं. खिडक्या लावायला लावल्या. तिघे साहेब खुर्च्या सोडून डब्याभोवती वाकले. त्यातला एक हळूच म्हणाला, "हलतंय की." दवाखान्याची सहा कोरी, सरांची सहा जिवंत. मी जिंकले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कळत होतं की पत्रकापेक्षा पुरावा किती भारी असतो.

"बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. "आणि ही 'क'वाली कुठली?"

सर खोकले. मला तो खोकला ऐकू आला होता, हे मी इथे लिहून ठेवते.

"कामठीची," मी म्हटलं. "आपल्या स्वयंपाकघरातल्या गिरजाबाईंच्या घरची. त्यांच्याकडे कोंबडा आहे."

कारकुनाने नाव लिहून घेतलं. तेव्हा कुठे मी काय बोलले ते मला कळलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पांढऱ्या पडलेल्या नखाकडे बघायचे, तसं.

सर सुटले. खोली राहिली. दुसऱ्या दिवशी फाटकावर गिरजाबाईंच्या पिशवीची झडती झाली. तिच्यात दोन फुटकी उकडलेली अंडी निघाली आणि त्यांना कामावरून काढलं. मी दुसरं पत्रक लिहिलं. संघटना चिकटवेना, म्हणून खाली स्वतःचं नाव घालून एकटीने चिकटवलं. त्याआधी सरांना दाखवलं होतं. 'गिरजाबाई निर्दोष आहेत' या वाक्यातलं 'निर्दोष' त्यांनी लाल टोकाने खोडलं आणि वर लिहिलं: 'दोन अंडी होती. तरीही परत घ्या.' मी ते तसंच छापलं. बाईंना परत घेतलं नाही.

त्यानंतर अंडी आणायला सर स्वतः जाऊ लागले. दर रविवारी सायकलने कामठीला, डोक्याला ओला दुपट्टा, हँडलला कुटाराची टोपली. येताना रेल्वे फाटक आलं की उतरायचे आणि रूळ ओलांडून होईपर्यंत सायकल हातात धरून चालायचे, अंड्यांना धक्का लागू नये म्हणून. मी त्यांच्या हाताखाली आणखी दोन वर्षं होते. एका शब्दानेही त्यांनी त्या दिवसाची आठवण काढली नाही. क्षमा केली, की विसरले, की त्यांच्या दृष्टीने क्षमा करण्यासारखं काही घडलंच नव्हतं? मी तिन्ही शक्यता आलटून पालटून खऱ्या मानल्या आहेत. मग ते निवृत्त झाले. खोलीत मोडक्या खाटा भरल्या. कपाट कुठे गेलं माहीत नाही.

यंदा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली. परदेशात माणसाच्या पेशींमधून एक प्रथिन वेगळं काढलं आहे. त्याचा अगदी नगण्य अंश पुरतो, रक्तवाहिन्या त्याच्याकडे वाढत येतात. ते कोंबडीच्या अंड्यावर पडताळून पाहिलं आहे. मी कात्रण कापलं आणि रामदासपेठेत सरांच्या घरी गेले. शेजारच्यांनी सांगितलं, आज रविवार, ते कामठीला गेले असतील.

खोली बंद होऊन सहा वर्षं झाली होती. मी बस धरली.

गिरजाबाईंच्या अंगणात निंबाखाली बाजेवर सर बसले होते, समोर कोंबड्या. बाई यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरत होत्या. आता त्या तेच काम करतात. मी आठ वर्षांनी त्यांच्यासमोर येत होते. पाणी दिलं त्यांनी. मी कात्रण वाचून दाखवलं. सरांनी ते हातात घेतलं, लांब धरलं, पुन्हा वाचलं.

"अंड्यावरच पायलं म्हणते," ते म्हणाले. "म्हणजे त्याहिच्या इथंही कोंबडा असन."

"काय सापडलं?" बाईंनी विचारलं.

"बोलावणारा."

"कोनाले बोलावते?"

"रक्ताले."

"बरं झालं," गिरजाबाई म्हणाल्या. "च्या मांडू का?"

मी माफी मागायला आले होते. पण तोंडातून निघाला तो जुनाच प्रश्न. तेव्हा गप्प राहिलात ते यांच्यासाठी, की अंड्यांसाठी?

"काहून वं?" बाई म्हणाल्या. "पुन्हा पत्रक काढून राहिली का?"

"अंड्यांसाठी," सर म्हणाले. सरळ, काहीच न लपवता.

"पाय," बाई मला म्हणाल्या. "आता अंडे कायले लागते त्याले? सहा वर्सं झाले, एक अंडं नाई नेलं. येते, बसते, कोंबड्या पायते, च्या पेते, जाते. कायले येते, इचार त्याले."

मी सरांकडे पाहिलं.

"नख दाब," ते म्हणाले.

मी दाबलं. सोडलं.

"आलं?"

"आलं."



निघताना बाईंनी मला चार अंडी द्यायची ठरवली. नको म्हटलं तर ऐकेनात. फडक्यात बांधण्याआधी त्या एकेक अंडं दुसऱ्यावर हलकेच टकटक करून कानाने बघत होत्या. तिसऱ्याचा आवाज बद्द आला. त्यांनी ते, नेहमीच्या सवयीने, न बघता आपल्या बाजूला ठेवलं. मग त्यांचा हात थांबला. आम्ही तिघांनीही त्या अंड्याकडे पाहिलं.

"फुटकं बाईचं," सर म्हणाले.

गिरजाबाई हसायला लागल्या, इतक्या की कांड्यांची टोपली कलंडली. सरही हसले. मला हसू आलं नाही. हसायची परवानगी आहे की नाही ते कळत नव्हतं. तीन अंडी फडक्यात बांधून माझ्या हातात देताना त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "हे लिहू नको वं बाई."

नाही लिहीत, मी म्हणाले. बसमध्ये अंडी मांडीवर धरून बसले, आणि रेल्वे फाटक आलं तेव्हा उचलून हातात घेतली.

लिहिलं आहे. बाईंचं नाव बदललं आहे. गावही बदलणार होते, पण मग ती अंडी खोटी झाली असती.